.३०८ चा धक्का, कानातला धमाका आणि सप्रेसरचे कागद : टेक्सासमधल्या कामाच्या नोंदी

डॅलसच्या उत्तरेला राहतो, ग्रीन कार्ड आहे. रायफल साधी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर बाराला हाताने बोल्ट मागे-पुढे करायची), .३०८ मापाच्या काडतुसाची, पॉलिमरचा हलका दस्ता, वर स्कोप धरून साडेसात पाउंड. नळीच्या तोंडाला ५/८ बाय २४ चे आटे कंपनीकडूनच पाडलेले. काम म्हणाल तर शंभर यार्डावर चांदमारी आणि एका ओळखीच्या शेतमालकाकडे रानडुकरं, ती डेंटनच्या वर रेड रिव्हरच्या बाजूला अक्षरशः शेतं नांगरून ठेवतात. आपल्या लोकांपैकी बरेच जण विचारतात की धक्का कमी कसा करायचा, सायलेन्सर (म्हणजेच सप्रेसर, नळीच्या तोंडाला लावायचं आवाज कमी करणारं नळकांडं) खरंच विकत मिळतो का, तुरुंगात तर जाणार नाही ना, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतोय. थिअरी नको असेल त्यांनी निवांत वाचा, मलाही ती फार येत नाही.

१२ जानेवारी २०२५

आज मित्राने माझी चाचणी घेतली. त्याने मॅगझीन माझ्याकडे पाठ करून भरलं, खऱ्या काडतुसांमध्ये दोन-तीन डमी (बार न होणारी खोटी काडतुसं) मिसळली आणि फोनवर स्लो मोशन लावला. खरं काडतूस असताना काही कळत नाही कारण धक्क्यात सगळं झाकलं जातं, पण डमी आली की नुसतं "टक्" होतं आणि तेव्हा रायफल हलायला नको. माझी नळी चांगली बोटभर खाली गेली आणि डोळे गच्च मिटलेले. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच मी दचकतोय. शंभर यार्डावर बेंचवरून चार इंचांचा ग्रुप (म्हणजे गोळ्यांची भोकं एवढी पसरलेली) येत होता आणि मी स्कोपला दोष देत होतो, ते प्रकरण इथेच मिटलं.

हिशेब केला तर या वजनाच्या रायफलीला १५० ग्रेन वजनाच्या गोळीने साधारण १७ फूट-पाउंड धक्का बसतो. हरणाच्या रायफलीसाठी हे काही जगावेगळं नाही, पण दस्ता हलका, मागचं रबर दगडासारखं आणि मी साडेपाच फुटांचा. पंधरा-वीस राउंडनंतर खांद्यावर जांभळं होतं.

२५ जानेवारी

सगळ्यात स्वस्त उपाय आधी. दस्त्यावर मोज्यासारखा चढवायचा स्लिप-ऑन पॅड, वीस डॉलर. खांद्याला बरं वाटलं पण त्याने दस्त्याची लांबी जवळपास एक इंच वाढली. माझे हात आखूड, त्यामुळे मान पुढे ताणून स्कोपमध्ये बघावं लागतं, चित्र अर्धं काळं दिसतं, आणि तसं ताणलेल्या अवस्थेत बार काढला की स्कोपची कड भुवईवर बसायची भीती. ज्यांची उंची आपल्या सरासरीतली आहे त्यांनी हा पॅड घेऊच नका. घेतलाच तर स्कोप रिंगमध्ये मागे सरकवायला जागा आहे का ते आधी बघा, माझ्याकडे नव्हती. परत केला, पैसे मिळाले.

२ फेब्रुवारी

आता मूळ रबर काढून त्या जागी मऊ पॅड, म्हणजे लांबी तेवढीच राहते. ३५ डॉलर. "प्री-फिट" म्हणून विकतात, पण माझ्या दस्त्यापेक्षा खालच्या बाजूला एक अष्टमांश इंच बाहेर येत होता. घासावा लागणार. मऊ रबर थेट बेल्ट सँडरवर धरलं तर ते कापलं जात नाही, ओढलं जातं, कड फाटते आणि वास असा सुटतो की गॅरेजमध्ये उभं राहवत नाही. उपाय असा की पॅड झिपच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा, कडक झाला की बाहेर काढून दोन मिनिटं घासायचा, परत आत. माझा खोवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी होता, घरात त्यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. दस्त्याच्या कडेला मास्किंग टेपचे दोन थर लावा, टेपला ओरखडा दिसला की थांबा.

मागचे दोन स्क्रू पॉलिमरमध्ये जातात, ड्रिल मशीनने पिळू नका, हाताने घट्ट करा. आतलं प्लॅस्टिक एकदा सुटलं की दस्ता गेला.

फरक मोठा आहे. ३५ डॉलरमध्ये खांद्याचं दुखणं बहुतेक मिटलं. तरी डमीवर नळी अजून हलतेच.

२२ फेब्रुवारी

मझल ब्रेक बसवला, ८० डॉलर. नळीच्या तोंडाशी आडवी भोकं असलेला तुकडा, गॅस बाजूला आणि थोडा मागे फेकला जातो आणि रायफल पुढे खेचली जाते. भोकं दोन्ही बाजूंना समतल यायला हवीत, ती शिम घालून जुळवायची, पातळ पातळ चकत्या असतात, एक काढ एक घाल करत अर्धी दुपार गेली. रायफल पकडताना दस्ता किंवा स्कोप व्हाइसमध्ये धरू नका, नळीच पकडा आणि मध्ये चामडं किंवा लाकूड ठेवा.

धक्का? काय सांगू, एकदम गायब. .३०८ आहे का .२२३ (खूप हलकं काडतूस) असं वाटलं. पण रेंजवर वर पत्र्याचं छप्पर आणि शेजारी दोन्ही बाजूंना लोक. पहिल्याच बाराला डावीकडच्या काकांनी सामान उचललं आणि चार टेबलं लांब गेले. तो आवाज नुसता कानात नाही, नाकात, दातांत जाणवतो. कानात फोमचे बोळे आणि वर हेडफोनवाले मफ दोन्ही घातले होते, पण दोन एकावर एक घातले म्हणजे दुप्पट संरक्षण होत नाही, जे जास्त चांगलं त्याच्यावर साधारण पाच डेसिबलची भर पडते एवढंच. आडवं पडून मारलं तर समोरची सगळी माती डोळ्यांत.

आणि मुख्य गोष्ट. मित्राने परत डमी मिसळली. दचकणं आधीपेक्षा वाढलं होतं! खांद्याला काहीच लागत नव्हतं तरी डोळे मिटत होते. म्हणजे मला भीती धक्क्याची नव्हतीच फारशी, धमाक्याची होती, आणि मी दीड महिना खांद्याच्या मागे लागलो होतो. ज्यांना कुणाला "रिकॉइल" कमी करायचाय त्यांनी आधी हे तपासा, .२२ वर (जवळपास धक्काच नसलेली छोटी रायफल) डमी मिसळून बघा आणि मग मोठ्या रायफलीवर. .२२ वर नीट मारता आणि मोठीवर दचकता, तर कान आणि खांदा यातलं कोण घाबरतंय ते कळल्याशिवाय पाकीट उघडू नका.

ब्रेक काढून ठेवला.

८ मार्च

सप्रेसर घ्यायचा ठरला. कायद्यात त्याला सायलेन्सरच म्हणतात. हिराम पर्सी मॅक्सिमने १९०९ साली पेटंट घेतलं, विकलाही त्याच नावाने. मग १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट आला आणि २०० डॉलरचा टॅक्स लागला. तेव्हा दोनशे डॉलर म्हणजे माणसाने नाद सोडावा म्हणूनच लावलेली रक्कम, ती २०२५ मध्येही तेवढीच.

जे कळलं ते आपल्या लोकांसाठी लिहितो.

पहिलं म्हणजे राज्य. ४२ राज्यांत सामान्य नागरिकाला ठेवता येतो. जिथे येत नाही ती आठ: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, हवाई. म्हणजे एडिसन, बे एरिया आणि शिकागोवाली निम्मी मराठी मंडळं इथेच बाद. तिकडच्या नातेवाइकांकडे गाडीने जाताना सोबत घेऊन जायचा विचारही करू नका. परवानगी असलेल्या दुसऱ्या राज्यात नेताना मात्र सप्रेसरला वेगळा फॉर्म भरावा लागत नाही, तो आखूड नळीच्या रायफलीला आणि मशीनगनला लागतो.

दुसरं व्हिसा, आणि हे नीट वाचा. एच-१बी, एल-१, एफ-१ असे नॉन-इमिग्रंट व्हिसावाले फेडरल (केंद्रीय) कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगू शकत नाहीत. अपवाद आहेत, त्यात नेहमीचा म्हणजे अमेरिकेत काढलेलं चालू हंटिंग लायसन्स. "नुसतं रेंजवर भाड्याने घेऊन मारतो" यालाही हाच नियम. गंमत म्हणजे टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही, पण एच-१बीवाल्याला बंदूक हातात धरण्यासाठी तेच लायसन्स लागतं. रहिवाशाला २५ डॉलरला मिळतं, २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. फेडरल कायद्यात सायलेन्सर हीसुद्धा "फायरआर्म"च धरली जाते, त्यामुळे व्हिसावर असताना वकिलाला पैसे देऊन लेखी सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं काढलेली माणसं आपण, एवढ्यासाठी तिथे खोट कशाला.

तिसरं, "टेक्सासमध्ये बनलेला आणि टेक्सासमध्येच राहिला तर फेडरल कागद लागत नाहीत" असं सांगणारा एक जण प्रत्येक रेंजवर असतो. राज्याने २०२१ मध्ये तसा कायदा केलाय खरा, पण फेडरल कायदा जागच्या जागी आहे आणि पकडायला येणारे फेडरलच असतात.

चौथं, ऑनलाइन "सॉल्व्हंट ट्रॅप" किंवा क्लीनिंग किटच्या नावाने स्वस्तात नळकांडी मिळतात. हात लावू नका. सरकार त्यांना नोंद नसलेला सायलेन्सर धरतं आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. गिऱ्हाइकांच्या याद्या काढून लोकांच्या दारात गेलेत.

१६ मार्च

दुकानात गेलो. .३० कॅलिबरचा, टायटॅनियमचा नाही (महाग), स्टीलचा. ७८० आणि वर सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ६४. निवडताना एकच गोष्ट बघितली ती म्हणजे मागचे आटे "हब" मापाचे, १.३७५ बाय २४. त्यामुळे मागचा माउंट (सप्रेसर नळीवर बसवायचा जोड) बदलता येतो आणि माउंट बदलायला सरकारी कागद लागत नाही. आतले बॅफल (गॅस अडवणाऱ्या भोकाच्या चकत्या) मात्र सुटे विकत मिळत नाहीत, एक एक बॅफल कायद्याने सायलेन्सरच. खराब झाला तर लायसन्स असलेल्या उत्पादकाकडेच दुरुस्ती.

आधीचा ८० डॉलरचा ब्रेक याला बसत नाही. याच्या सोबत याचाच ब्रेकसारखा माउंट येतो, त्याच्यावर सप्रेसर चढतो. म्हणजे ते ८० गेले. सप्रेसर पुढे कधीतरी घ्यायचाय असं मनात जरी असलं तरी आधी सप्रेसर निवडा, मग ब्रेक.

कुणाच्या नावावर घ्यायचा? स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतला तर मी गावाला गेलो आणि तिजोरीची चावी बायकोकडे राहिली तर तांत्रिकदृष्ट्या ती अडचणीत. म्हणून ट्रस्ट केला, ७० डॉलर, दोघांची नावं. ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार माणसाचे फोटो, बोटांचे ठसे आणि वेगळा प्रश्नांचा फॉर्म लागतो. आणि स्थानिक पोलीस प्रमुखाला किंवा शेरीफला एक प्रत पाठवायची, नुसती कळवण्यासाठी, त्याची सही २०१६ पासून लागत नाही.

ठसे आणि फोटो मिळून दोघांचे ३० डॉलर. बायकोच्या बोटांच्या रेषा मशीन घेईना, हिवाळ्याची कोरडी त्वचा आणि दिवसभर भांडी, शेवटी तिथल्या बाईंनी लोशन लावून पाच मिनिटं बसवलं आणि मग आले. आदल्या रात्री तेल लावून जा.

२३ मार्च

फॉर्म ४ (सप्रेसर आपल्या नावावर करायचा फेडरल अर्ज) अडकला, आणि अडकला तो आपल्या मधल्या नावावर. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर बायकोचं मधलं नाव नवऱ्याचं, आणि पासपोर्टवर ते "गिव्हन नेम" मध्ये पहिल्या नावाला जोडून येतं. ग्रीन कार्डवर तसंच. ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर. ट्रस्टच्या कागदावर मधलं नावच नाही. दुकानदाराने लायसन्स बघून भरलं, ठशांच्या फाइलमध्ये पासपोर्टप्रमाणे. आता सगळीकडे एकच पाहिजे म्हणून ट्रस्टमध्ये दुरुस्ती, परत नोटरी, परत फाइल. आठवडा गेला. कागदपत्रं सुरू करण्याआधी पासपोर्ट, ग्रीन कार्ड, लायसन्स टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि स्पेलिंगसकट एकच रूप ठरवा. बायकोच्या जुन्या कागदांवर माहेरचं नाव असेल तर तेही आत्ताच बघून घ्या.

२०० डॉलर टॅक्स भरला. ऑनलाइन फॉर्म डिसेंबर २०२१ मध्ये आला, त्याआधी कागदी फॉर्मवर लोक वर्षभर बसायचे.

५ एप्रिल

मंजुरीचा मेल आला! दोन आठवडेसुद्धा लागले नाहीत. लगेच गाडी काढून दुकानात. फॉर्म ४४७३ (दुकानातून बंदूक घेताना भरायचा) भरला, त्यात ग्रीन कार्डवाल्यांना ए-नंबर (इमिग्रेशनचा नोंदणी क्रमांक) लिहावा लागतो, कार्ड सोबत ठेवा. ट्रस्टच्या नावावर असल्यामुळे घेऊन जाताना परत बॅकग्राउंड चेक होतो आणि तो "डिलेड" आला. परदेशी नागरिकांची इमिग्रेशनची वेगळी चौकशी त्यात असते, त्यामुळे आपल्याला हे बऱ्याचदा होतं, चिडून उपयोग नाही. हात हलवत परत. मधल्या आठवड्यात क्लिअर झाला आणि घेऊन आलो.

मंजूर फॉर्मची आणि ट्रस्टची छोटी प्रत लॅमिनेट करून बॅगेतच ठेवलीय, शिवाय फोनमध्ये.

१२ एप्रिल

मंजुरीची वाट बघत असताना सप्रेसरसोबत आलेला माउंट एका गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणारा) नळीवर चढवून घेतला होता, ४५ डॉलर. आज सप्रेसर चढवला, पण बार काढण्याआधी अलाइनमेंट रॉड घातला. ५५ डॉलरचा सरळ घासलेला लोखंडी दांडा, नळीच्या आतल्या व्यासाचा. बोल्ट काढायचा, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघायचं, दांडा तोंडाकडून आत सरकवायचा आणि पुढून सप्रेसरच्या भोकात बघायचं की दांडा मधोमध आहे का.

नव्हता. वरच्या बाजूला फट दिसत होती, खाली जवळजवळ टेकलेला. टॉर्च मारून, रायफल फिरवून, परत परत बघितलं, तेच. असा बार काढला असता तर गोळी बॅफलला घासून गेली असती आणि आठशे डॉलरचं नळकांडं फाटलं असतं, वॉरंटीत ते येईलच असं नाही.

माउंट खोलला तर खाली क्रश वॉशर निघाला. ही वाटीसारखी चकती असते, पिळली की चपटी होते आणि ब्रेक हव्या त्या कोनात थांबतो. साध्या ब्रेकला ठीक आहे, पण ती सगळीकडून सारखी चपटी होत नाही, एका बाजूला केसभर जास्त, आणि ती केसभर तिरपाई सप्रेसरच्या टोकाला पोचेपर्यंत दिसण्याइतकी होते. सप्रेसरचा माउंट नळीच्या खांद्यावर (आट्यांमागची सपाट कड) थेट टेकला पाहिजे किंवा सपाट शिमवर. गनस्मिथला फोन केला तर म्हणाला सगळे असंच बसवतात. पैसे परत नाहीत.

तो माउंटच बाजूला ठेवला आणि ७० डॉलरचा साधा, थेट आट्यांवर बसणारा माउंट मागवला. सोपा आहे, हलका आहे, मध्ये जोडच नाही.

२६ एप्रिल

नवा माउंट, रॉड मधोमध, चारी बाजूंनी सारखी फट. रेंजवर गेलो.

सिनेमातला "फुट्" आवाज डोक्यातून काढून टाका. .३०८ ची उघडी नळी १६५ डेसिबलच्या आसपास जाते, चांगल्या सप्रेसरने ती १३५-१४० पर्यंत येते, आणि अमेरिकेत कामाच्या ठिकाणी अशा एकदम येणाऱ्या आवाजाची मर्यादाच १४० आहे. म्हणजे कानाला पुरतं निवांत असं काही नाही, मी मफ घालूनच मारतो. शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने जाते, तिचा हवेतला "तड्" आवाज सप्रेसर थांबवू शकत नाही. पहिला बार बाकीच्यांपेक्षा मोठा येतो कारण आत प्राणवायू असतो आणि त्यामुळे गरम गॅस आतच पेटतो.

पण तो छातीत बसणारा धमाका नाही! धक्कासुद्धा ठोसा न राहता ढकलल्यासारखा झाला. पुढे सव्वा पाउंड वजन वाढलं त्याचाही हातभार आहे. मित्राने डमी घातली, टक् झालं, क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) जागेवर. परत घातली, जागेवर. डोळे उघडे.

नेम दीड इंच खाली सरकला, तो सरकणारच, नळीच्या टोकाला वजन लटकवलंय. स्कोपवर दुरुस्त केला. माउंट आणि नळी दोन्हीवर पांढऱ्या पेंटची एक रेघ मारून ठेवली. तापलं की थेट आट्यांचा माउंट हळूहळू सैल होतो, पाच-सात राउंडनंतर रेघ जुळतेय का बघायचं, आणि घट्ट करायला ओव्हनचा जाड हातमोजा. उघड्या हाताने नको.

४ मे

वाया गेलेला दिवस. मागच्या वेळी सव्वा इंचात येणारा ग्रुप आज तीन इंच. साहजिक सप्रेसरवर संशय, काढला, घातला, रॉड टाकला, दारूगोळा बदलला, साठ राउंड गेले, एका राउंडला साधारण डॉलर. शेवटी रायफल उचलताना स्कोप हाताला किंचित हलल्यासारखा वाटला. खालच्या बेसचा मागचा स्क्रू सैल. टॉर्क रेंच काढून दोन्ही बेस आणि दस्त्याचे स्क्रू मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणले, बेसला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव), ग्रुप परत जागेवर. काही बिघडलं की नवीन वस्तूवर संशय घ्यायच्या आधी सगळ्या स्क्रूंना एकदा रेंच लावा.

घरी येताना दुसरं. वीसेक राउंडनंतर दहा मिनिटं थांबून रायफल बॅगेत घातली, घरी उघडली तर सप्रेसरजवळचं नायलॉनचं अस्तर वितळून त्याला चिकटलेलं. स्टील उष्णता धरून ठेवतं, दहा मिनिटं काहीच नाहीत. वरून घालायचं कव्हर घेतलं ५० डॉलरचं, त्याचा मुख्य उपयोग स्कोपसमोर वाफेसारखी लहर येते ती थांबवणं. गरम सप्रेसरवर कव्हर तसंच ठेवून बॅगेत मात्र हे पण घालू नका.

७ जून

डुकरं. मालकाच्या पिकअपमध्ये बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की नळी आणि सप्रेसर मिळून किती लांब झालंय, दारातून काढताना आरशाला आपटलं. मचाणाच्या खिडकीतही तेच. पुढची रायफल घेतली तर सोळा इंची नळीचीच घेणार.

अंधार पडता पडता कळप आला, पहिलं पडल्यावर बाकीची पळाली पण कुठून आवाज आला ते कळत नसल्यासारखी अर्धी आमच्याच दिशेने आली. दोन मिळाली. मालक खुश, कारण त्याची गुरं बुजली नाहीत आणि पलीकडच्या घरातून फोन आला नाही. कानातली शिट्टी नाही. एवढ्यासाठीच तर सगळं केलं.

सप्रेसर काढताना आटे कुरकुरले, आत काजळी जमून पकडायला लागते. कार्बन लॉक म्हणतात. आता दर वेळी आट्यांवर तांब्याच्या अँटीसीझचा (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी पातळ हात, आणि घरी आल्यावर पूर्ण थंड झाला की काढून ठेवतो, महिनोन् महिने चढवून ठेवत नाही.

५ जुलै

काल राष्ट्राध्यक्षांनी नव्या मोठ्या टॅक्स कायद्यावर सही केली आणि त्यात १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा २०० डॉलर टॅक्स शून्य. शून्य! नव्वद वर्षं जो आकडा हलला नाही तो मी भरल्यावर तीन महिन्यांत हलला. माझे दोनशे परत मिळणार नाहीत. नोंदणी, ठसे, फोटो, फॉर्म ४ हे सगळं तसंच राहतंय, फक्त पैसे नाहीत. मशीनगनचा टॅक्सही तसाच.

घाई नसलेल्या सगळ्यांना सांगितलं, जानेवारी २०२६ पर्यंत थांबा. ट्रस्ट, नावांची जुळवाजुळव आणि ठसे मात्र आधीच उरकून ठेवा, कारण जानेवारीत सगळे एकदम अर्ज टाकणार आणि रांग लांबणार हे उघड होतं.

१० ऑगस्ट

हिशेब एकदाचा केला. पॅड ३५, वाया गेलेला ब्रेक ८०, गनस्मिथ ४५ (तेही वायाच), सप्रेसर सेल्स टॅक्ससकट ८४४, ट्रस्ट ७०, ठसे-फोटो ३०, सरकारी टॅक्स २००, थेट माउंट ७०, रॉड ५५, कव्हर ५०. एकूण १४७९ डॉलर, काडतुसं वेगळी. टॅक्स शून्य झाल्यावर करायचं झालं तर पॅड, सप्रेसर, थेट माउंट, रॉड, ट्रस्ट आणि ठसे एवढ्यातच भागेल, अकराशेच्या आसपास. ब्रेक विकायला काढलाय, अजून कुणी विचारलं नाही.

सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) काडतुसं वापरून अजून शांत होईल का असं एकाने विचारलं. होईल, पण .३०८ मध्ये ती जड गोळी हळू वेगात माझ्या नळीतल्या खाचांच्या पिळाने स्थिर राहीलच असं नाही, आणि डगमगत निघालेली गोळी बॅफलला लागते. मी करणार नाही. ज्यांना ते हवंच आहे त्यांनी .३०० ब्लॅकआउट काडतुसाची रायफल घ्यावी, ती त्यासाठीच आहे.

पुण्याच्या चुलतभावाने विचारलं, एक घेऊन येशील का. नाही. भारतात आवाज दाबणारं साधन शस्त्र कायद्याखाली प्रतिबंधित वर्गात आहे, लायसन्सवाल्याच्या बंदुकीलाही चालत नाही. आणि जे इथे रेंजवर जातात त्यांनी भारतात जायच्या आधी बॅगा आणि जॅकेटचे खिसे उलटे करून झटका. एक विसरलेलं काडतूस जरी निघालं तरी तिकडच्या एअरपोर्टवर कलम २५ खाली गुन्हा दाखल होतो, मुंबई-दिल्लीत असं झालेलं आहे. रिकामी पुंगळीसुद्धा आठवण म्हणून नेऊ नका. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात परवा दोन निघाल्या, ती बॅग आता रेंजवर नेत नाही.